वळणाच्या अलीकडं

“अहो, सकाळी सकाळी हे काय काढलंय?”

कणीक मळता मळता मी तशीच भरल्या हातानं बाहेर आले, तर आमचे हे स्टुलावर उभे. बैठकीतल्या भिंतीवरचा मोठा फोटो त्यांनी खिळ्यावरून उचलला होता आणि दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. दम्याचा माणूस. चार पायऱ्या चढला तरी छातीचा भाता सुरू होतो, आणि हे स्टुलावर!

“भिंतीला ओल आलीय,” हे म्हणाले.

“ओल? मार्च महिन्यात?”

“आतून येती ती. वरून दिसत नाही.”

“अस्सं! एवढी वर्षं झाली या घरात, कधी आतून ओल आली नाही. आज पाहुणा जेवायला यायचाय, तर आजच बरी आली! खाली उतरा आधी, पडलात तर मलाच उचलायचंय.”

हे उतरले, पण फोटो काही परत लावला नाही. तो घेऊन आत गेले. कपाटामागं तोंड भिंतीकडं करून ठेवल्याचा आवाज मला ऐकू आला. मग बाहेर येऊन त्या खिळ्यावर त्यांनी कच्छच्या उंटांचा फोटो अडकवला आणि माझ्याकडं न बघता पेपर उघडून बसले. काहीतरी पाणी मुरतंय हे मला कळलं, पण गॅसवर रस्सा होता. म्हटलं, बघू नंतर.

पाहुणा म्हणजे मोरजकर. हे नाव आमच्या घरात देवाच्या खालोखाल घेतलं जायचं. उतरवलेला फोटो त्यांनीच काढलेला. त्यांचं प्रदर्शन कोल्हापुरात शाहू स्मारकात लागलं होतं आणि आदल्या दिवशी तिथं मीच पुढं होऊन म्हणाले होते, “उद्या दुपारी आमच्याकडं जेवायला यायचं. नाही म्हणायचं नाही.” ह्यांना विचारलंही नव्हतं. मला वाटलं हे खूश होतील. तर येताना रिक्षात अवाक्षर नाही. एरवी रस्त्यातला माणूस चहाला ओढून आणणारे हे, मला नवलच वाटलं.

आता ह्यांच्या छंदाचं सांगायला पाहिजे. राजारामपुरीत आमचं, सरनोबतांचं, औषधांचं दुकान. दुकान बरं चालायचं, पण ह्यांचा जीव फोटोंत. लग्नातले, समारंभातले नव्हेत. जी माणसं कॅमेरा घेऊन मुलुखभर हिंडतात, मेंढपाळांच्या मागं जातात, नावाड्यांबरोबर राहतात, त्यांनी स्वतःच्या हातानं धुऊन काढलेले प्रिंट. अशा फोटोग्राफरचा नियम असतो. एका फोटोचे मोजकेच प्रिंट काढायचे, प्रत्येकाखाली पेन्सिलीनं नंबर घालायचा, सही करायची, आणि तेवढे झाले की थांबायचं. हे पुण्या-मुंबईला औषधं आणायला म्हणून जायचे आणि असा एखादा प्रिंट घेऊन यायचे. पांढरे सुती मोजे घातल्याशिवाय हात लावायचे नाहीत. एकदा मोलकरणीनं ओल्या फडक्यानं काच पुसली, तर तिला दूध पाजून शांत करावं लागलं एवढे ओरडले. माझी नणंद म्हणायची, “दादा, किराणावाले कॅलेंडर फुकट देतात की, ते पण रंगीत!” हे नुसते हसायचे. पण कुणी खरंच विचारलं की तासभर बोलायचे, आणि शेवटी ठरलेलं वाक्य यायचंच. “चित्रावर शेवटचा शब्द काढणाऱ्याचा. आपण नुसते राखणदार.”

हे वेड कुठून लागलं ते फक्त मला माहीत होतं.

लग्न झाल्यावर ह्यांनी मला कबूल केलं होतं, तुला बर्फ दाखवतो. पैसे साठवून आम्ही हिमाचलला निघालो. शिमल्याच्या पुढं बस चढायला लागली आणि ह्यांना दम्याचा असा झटका आला की ओठ काळेनिळे पडले. लोकांनी बस थांबवली, आडवं केलं, कुणी पाठ चोळली. डॉक्टर म्हणाले, जिवाची पर्वा असेल तर पुन्हा उंचावर पाय ठेवायचा नाही. बर्फ समोरच्या डोंगरावर दिसत होता, तिथूनच आम्ही फिरलो. त्या रात्री लॉजवर हे रडले. म्हणाले, “तू जाऊन ये. मैत्रिणींबरोबर जा, बायकांच्या ट्रिपा निघतात.” मी म्हटलं, “मला बर्फ बघायचा नव्हता. तुमच्याबरोबर बर्फ बघायचा होता.” खरंच तसं होतं. नंतर कितीदा संधी आली, मी गेले नाही. मन जायचं, पाय निघायचा नाही.

मग एका दिवाळीच्या आधी हे मुंबईहून आले ते दोन चादरींत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. “घे,” म्हणाले, “आपल्याला तिकडं जाता येत नाही तर तिकडचं गाव इकडं आणलंय.”

तो हा फोटो. काळा-पांढरा. किन्नौरकडचं सुरांग नावाचं लहानसं गाव. दोन्ही बाजूंना दगड रचून घातलेले गडगे, मधून वाट, कडेला ताजा बर्फ. पाठीवर टोपली घेतलेली एक बाई पुढं चाललीय, पाठमोरी, तोंड दिसत नाही. उजव्या हाताला खाली नदी. डाव्या हाताला पाटीच्या दगडांनी शाकारलेलं घर, ओसरीवर सरपण रचलेलं, दार अर्धं उघडं. आणि त्या घराच्या पुढं वाट डावीकडं वळते. वळणावर मोठा गडगा आहे, त्याच्यापुढचं काही दिसत नाही.

दुपारी दुकान बंद असायचं. चारला चहा घेऊन हे परत जायचे. त्या चहाला आम्ही दोघं त्या फोटोसमोर बसायचो. हे कप हातात घेऊन म्हणायचे, “निघायचं?” आणि आम्ही निघायचो. हसायला येईल, पण लग्न जुनं झालं की नवराबायकोंचे असले काहीतरी खेळ होतातच, कुणी सांगत नाही इतकंच. सरपणाचं घर आमचं. मी त्याला मागच्या अंगाला मोरी काढली, चुलीच्या वर फळी ठोकली. हे म्हणायचे खिडकी नदीकडं पाहिजे, तर दिली खिडकी. त्या पाठमोऱ्या बाईला मी गोदाक्का म्हणायची. “आज गोदाक्काची टोपली जड दिसतीया,” हे म्हणायचे. “सुनेनं काम सांगितलं असंल,” मी म्हणायची. बाहेर माणसं भांडतात, आजारी पडतात, उधारी बुडवतात, आणि आम्ही आपले तिकडं सरपण मोजतोय.

फक्त वळणाच्या पुढं आमचं जमायचं नाही. हे म्हणायचे, वळून गेलं की चहाची टपरी आहे, बाकडं आहे, रेडिओ लावलाय. मी म्हणायची, छे, झरा आहे. दगडातून पाणी पडतंय आणि बायका भांडी घासताहेत. “बर्फात भांडी?” “मग बर्फात रेडिओ?” शेवटी पैज लागली. मोरजकरांनाच विचारायचं. जो हरेल त्यानं महिनाभर दुसऱ्याचा चहा करायचा.

तेव्हापासून मोरजकरांचं प्रदर्शन असलं की हे जायचे आणि मी दारातच विचारायची, “विचारलंत?” “गर्दी होती गं.” पुढच्या वेळी, “विसरलो बघ.” त्याच्या पुढच्या वेळी, “ते घाईत होते.” वर्षांमागून वर्षं गेली, पण एवढा साधा प्रश्न ह्यांच्या तोंडून निघेना. म्हणून मीच बोलावलं मोरजकरांना. म्हटलं, जेवायला बसलेला माणूस पळून कुठं जातोय!

साडेबाराला मोरजकर आले. उंच, वाळलेले, उन्हानं रापलेले. मूळचे गोव्याचे, राहायला मुंबईला. आल्या आल्या चपला काढून सरळ भिंतींकडं गेले. लोकांचे फोटो बघितले, कुणाकुणाची नावं घेऊन मान हलवली. स्वतःचा एकही दिसला नाही, पण तसं बोलले नाहीत. जेवले मात्र मनापासून. पांढरा रस्सा तीनदा घेतला.

“वहिनी, मी मासे खाणारा माणूस,” म्हणाले, “पण हे जेवल्यावर कोल्हापूर का सुटत नाही माणसाला ते कळलं.”

हे जेमतेम एक भाकरी खाऊन उठले. पानसुपारी झाली. मोरजकर आता निघतायत की काय असं वाटलं, तशी मी म्हणाले, “तुमचा फोटो आहे आमच्याकडं. सुरांगचा. तुम्हाला एक विचारायचंय त्यातलं.”

“अगं, राहू दे,” हे एकदम म्हणाले. “आत्ता जेवलेत, जरा पाठ टेकू दे त्यांना.”

“पाठ टेकायला आयुष्य पडलंय. बसा हो मोरजकर, आणते मी.”

“हेमा, राहू दे म्हणतोय ना!”

चारचौघांत हे मला नावानं हाक मारत नाहीत. मी थबकले, पण थांबले नाही. इतकी वर्षं वाट बघितली होती. कपाटामागून फोटो काढला, पदरानं काच पुसली आणि आणून मोरजकरांच्या समोर खुर्चीवर टेकवून ठेवला.

मोरजकर हसत पुढं झुकले. मग त्यांचं हसू गेलं. चष्मा काढून पुसला, परत घातला. हातानं हवेत काहीतरी मोजल्यासारखं केलं, इकडून तिकडं.

“हा उलटा आहे,” ते म्हणाले.

मला कळेना. “उलटा कसा? आकाश वरच आहे की.”

“तसं नाही, वहिनी. आरशात दिसतं तसा. डावं उजवीकडं, उजवं डावीकडं. निगेटिव्ह उलटी बसली होती मशीनमध्ये. धुतली असेल, परत लावली असेल, कळलं नाही. एखादी पाटी असती, अक्षर असतं तर तिथंच कळलं असतं.” त्यांनी कपाळावर हात मारला. “आणि मी खाली सही करून दिलाय! सरनोबत, सुरांगला ही वाट उजवीकडं वळते. नदी डाव्या हाताला आहे. बाकी चौदा लोकांकडं बरोबर गेलाय, तुमच्याकडंच हा असा आला.”

हे खिडकीत उभे होते, तिथंच राहिले.

“मी हा घेऊन जातो,” मोरजकर म्हणाले. “आठ दिवसांत नवा करून पाठवतो, बरोबर केलेला. खर्चाचं बोलू नका, चूक माझी. हा आज फाडायचा.”

“फाडायचा?” मी म्हटलं.

“चुकलेला प्रिंट मी रात्रभर जिवंत ठेवत नाही. ज्या दिवशी सापडेल त्या दिवशी फाडायचा, पहिल्यापासूनची सवय आहे.” ते माझ्याकडं वळले. समजावून सांगत होते, आवाज चढला नव्हता. “मी काही कल्पनेतलं करणारा माणूस नाही, वहिनी. मी तिथं होतो, एवढंच माझं भांडवल. तिथं वाट उजवीकडं जाते तर माझ्या फोटोत उजवीकडंच गेली पाहिजे. नाहीतर मी एवढ्या थंडीत गेलोच कशाला?”

 पाहुण्याला काय म्हणणार? चूक तर चूकच होती. मी ह्यांच्याकडं बघितलं. आता ते वाक्य येणार, मला माहीत होतं. आणि आलंच.

“चित्र तुमचं, मोरजकर,” हे म्हणाले. “शेवटचा शब्द काढणाऱ्याचा. जन्मभर लोकांना हेच सांगत आलोय, आज माझ्यावर आलं म्हणून फिरवणार नाही.”

असा राग आला मला! वाटलं, समोरचं पानाचं तबक उचलून ह्यांच्या डोक्यात घालावं. घर माझं चाललं होतं आणि ह्यांना तत्त्व सुचत होतं. तेवढ्यात हे खिडकीतून पुढं आले.

“पण एकदा हिला विचारा.”

“वहिनींना?”

“हो,” हे म्हणाले. “राहती ती तिथं.”

मोरजकर माझ्याकडं बघत राहिले. कानशिलं गरम झाली माझी. घरातली गोष्ट अशी कुणापुढं उघडायची म्हणजे काय! पण आता लाजून बसले तर सगळं जाणार होतं. मी जमिनीकडं बघून बोलायला लागले. चारचा चहा सांगितला, बस थांबली होती तेही सांगितलं. ह्यांच्या ओठांचा रंग सांगताना मला रडू फुटलं, तरी बोलत राहिले.  माझं संपलं तेव्हा मोरजकर खुर्ची ओढून फोटोच्या जवळ बसले.

“घर कुठलं तुमचं?”

मी काचेवर बोट ठेवलं. “हे. सरपणाचं.”

“आणि ही?”

“गोदाक्का.”

“हिचं नाव...” ते बोलायला गेले आणि थांबले. “बरं. गोदाक्का. आणि मला विचारायचं होतं ते काय?”

“वळणाच्या पुढं काय आहे? हे म्हणतात चहाची टपरी. मी म्हणते झरा.”

मोरजकरांना हसू आलं. खरं हसू, डोळ्यांपर्यंत गेलेलं. त्यांना ते सगळं समोर दिसत होतं, कळत होतं बघताना. त्यांनी तोंड उघडलं.

“थांबा!” मी म्हटलं.

एवढ्या जोरात म्हटलं की हे दचकले.

“नको. सांगू नका.”

“अहो, तुम्हीच तर...”

“हो, मीच बोलावलं. मीच म्हणते, नको. एकदा कळलं की ह्यांची टपरी तरी जाणार नाहीतर माझा झरा. आणि दोन्ही नसलं तर? मग चहाच्या वेळेला आम्ही काय करायचं? तुम्ही खरं तेच सांगणार, मला माहीत आहे. तुमचं खरं तुमच्या उजवीकडच्या वाटेवरचं. आमची डावीकडं जाते.” मी हात जोडले. “हा फाडू नका, मोरजकर.”

 मोरजकर त्या फोटोतल्या नदीकडं बघत होते. त्यांना अवघड जात होतं. वाईट माणूस असता तर सोपं झालं असतं, पण हा माणूस आपल्या शब्दाला जागणारा होता.

“सरनोबत,” ते शेवटी म्हणाले, “पकड आहे का घरात?”

हे गेले आणि हत्यारांच्या डब्यातून पकड घेऊन आले. मला वाटलं, संपलं. मोरजकरांनी फोटो जेवणाच्या टेबलावर पालथा घातला. हे स्वतःच मागचे बारीक खिळे एकेक करून उपटायला लागले. खिळा एकही वाकडा केला नाही. मागची फळी निघाली. ह्यांनी पांढरे मोजे घातले आणि प्रिंट अलगद बाहेर घेऊन टेबलावर ठेवला. काचेशिवाय मी तो पहिल्यांदाच बघत होते. बर्फ जास्त पांढरा वाटला.

मोरजकरांनी खिशातून पेन्सिल काढली. फोटोच्या खालच्या कोऱ्या पट्टीवर त्यांची सही होती, गावाचं नाव होतं आणि पंधरांतला सातवा असा नंबर होता. त्यांनी नंबरावर आडवी रेघ मारली. मग गावाच्या नावावर मारली. मग स्वतःच्या सहीवर. त्या शेवटच्या रेघेला जरा वेळ लावला.

“हा आता माझा नाही,” ते म्हणाले. “मी काढलेला नाही, आणि हे सुरांगही नाही. सरनोबत, तुम्हाला कळतंय ना? याला आता बाजारात कुणी हात लावणार नाही. तुमच्या सगळ्या संग्रहात हा नुसता कागद. बरोबर सात नंबर मी पाठवतोच, पण हा गेला.”

आमचे हे, ज्यांनी एका ओल्या फडक्यासाठी मोलकरणीला रडवलं होतं, त्या तीन रेघांकडं बघत होते.

“चालंल की,” हे म्हणाले. “न चालायला काय झालं.”

मोरजकर निघाले तेव्हा मी त्यांच्या पाया पडले. ते संकोचले. दारात चपला घालताना म्हणाले, “वहिनी, रस्सा बाकी फर्स्टक्लास.” एवढंच.

ते गेल्यावर हे परत स्टुलावर चढले. उंट खाली आले, आमचं गाव वर गेलं. मी स्टूल धरून उभी होते. जिवावरचं टळलं की माणसाला थट्टा सुचते, तशी मला सुचली.

“काय हो, वाळली का ओल?”

हे हसले नाहीत. फोटो सरळ करत राहिले, सरळ असलेला परत सरळ करत राहिले. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गर्दी होती. विसरलो. ते घाईत होते. आणि आज सकाळची ती मार्चमधली ओल.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हटलं.

“हूं.”

“कधीपासून?”

“पुण्याला करंदीकरांच्या घरी दुसरा प्रिंट बघितला. आधी वाटलं, त्यांचाच उलटा असंल. मग मुंबईला आणखी एकाकडं बघितला. तो पण त्यांच्यासारखाच.” हे अजून भिंतीकडंच तोंड करून होते. “झाली पुष्कळ वर्षं.”

“आणि मोरजकरांना विचारलं नाहीत.”

“विचारलं असतं तर म्हणाले असते, दाखवा बघू तुमचा प्रिंट. त्यांची सवय सगळ्यांना माहीत आहे. फाडला असता त्यांनी.”

“अहो, पण मला तर सांगायचं!”

“तुला काय सांगणार?” हे म्हणाले. “तू तोवर घर बांधलं होतंस.”

मी स्टुलाचे पाय धरून तिथंच खाली बसले आणि रडले. प्रिंट, नंबर, सही यांच्यावर जीव टाकणारा माणूस. आपल्या हातात चुकीचा आलाय हे कळल्यावर त्याला कसं झालं असेल? एका पत्राचं काम होतं, बरोबर प्रिंट आला असता. आणि हा माणूस रोज चार वाजता कप हातात घेऊन म्हणत राहिला, निघायचं?

“आता मला उतरू दे,” वरून हे म्हणाले. “धाप लागली.”

मोरजकरांनी शब्दाप्रमाणे बरोबर प्रिंट पाठवला. आम्ही दोघांनी तो उघडून बघितला. तेच गाव, तीच बाई, तोच बर्फ, पण मला कुठून आत शिरायचं तेच कळेना. ओळखीच्या घरात कुणी मोरी आणि देवघर अदलाबदल करून ठेवावं तसं वाटलं. हे म्हणाले, “उत्तम प्रिंट आहे.” मग त्याला पातळ कागदात घालून कपाटात ठेवून दिलं, आणि आम्ही चहाला डावीकडं निघालो.

पुढं एका थंडीत ह्यांचा दमा छातीत बसला तो उठलाच नाही. शेवटचे दिवस फार बोलता यायचं नाही. मी पलंग बैठकीत आणला होता, त्या भिंतीसमोर. चार वाजले की हे नुसती भुवई उडवायचे. मी म्हणायची, चला.

ह्यांच्यामागं सगळे म्हणायला लागले, आता जाऊन ये. नणंद म्हणाली, “वहिनी, आता तुला कोण अडवतंय?” तिचं मन चांगलं होतं, पण ते वाक्य मला दिवसभर टोचत राहिलं. मला कुणी अडवलं नव्हतं कधीच.

आणि एक दिवस मोरजकरांचा फोन आला. फार म्हातारे झाले होते, आवाज ओळखू येईना. मुलीला घेऊन सुरांगला निघाले होते, शेवटचं एकदा. आता गाडी अगदी गावापर्यंत जाते म्हणाले.

“तुम्ही चला, वहिनी. आमच्या गाडीत जागा आहे. मी स्वतः दाखवतो तुम्हाला.”

खोटं कशाला बोलू? मन गेलं. फोन कानाला लावून मी त्या भिंतीकडं बघत होते आणि पार आतून काहीतरी ओढत होतं. खरा बर्फ, खरी नदी, पायाखाली खरी वाट. तरुणपणी समोरच्या डोंगरावर दिसला होता तेवढाच बर्फ मी बघितलेला.

“नको,” मी म्हटलं. “तिथं आमचं घर नाही हो.”

त्यांनी आग्रह केला नाही.  मग ते हळूच म्हणाले, “मग निदान सांगू का, वळणाच्या पुढं काय आहे ते? आता पैजही उरली नाही.”

“नको, मोरजकर,” मी म्हटलं. “हे गेलेत पुढं. बघून ठेवतील.”